मार खाऊन उभं राहणारं कॅरेक्टर: डी अँड डीच्या टँकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी रात्री जेवणं उरकली की आमच्या टेबलावर नकाशा पसरतो, फाशांची पिशवी उघडते आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, हा कॅरेक्टर घेऊन गोष्ट खेळायचा खेळ सुरू होतो. बऱ्याचदा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, मीच असतो. नवीन माणूस आला की पहिल्या दहा मिनिटांत हमखास म्हणतो, "मला असं कॅरेक्टर दे, जे मरणारच नाही." तसं कॅरेक्टर नसतं. सहजासहजी न मरणारं मात्र बांधता येतं, त्यालाच टँक म्हणतात. त्यावर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

हे कुठल्या नियमांना धरून आहे?

पाचव्या आवृत्तीला. मूळ प्लेअर्स हँडबुक २०१४ चं, सुधारित २०२४ चं. आमचं टेबल अजून २०१४ वर चालतं, त्यामुळे आकडे मुख्यतः तिथलेच आहेत. जिथे नव्या पुस्तकात फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. पुस्तक विकत घ्यायच्या आधी चाखून बघायचं असेल तर नियमांचा गाभा एसआरडी नावाने फुकट मिळतो. २०२३ पासून तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे, म्हणजे राजरोस डाउनलोड करा.

टिकाऊ म्हणजे भरपूर एचपी, एवढंच ना?

नाही. नव्या माणसाचं घोडं इथेच पेंड खातं. एचपी (हिट पॉइंट्स, मार बसला की कमी होणारा आकडा) ही पाण्याची टाकी आहे. टाकी मोठी असणं चांगलंच, पण नळ किती वाहतो आणि टाकी परत भरते का, हेही बघायला लागतं.

माझ्या हिशेबाने पाच गोष्टी बघाव्यात. घाव लागतो किती वेळा, हे एसी (आर्मर क्लास) ठरवतो. लागलेल्यातला किती अंगाला बसतो, हे रेझिस्टन्स ठरवतं, त्याने डॅमेज निम्मं होतं. मग टाकी, म्हणजे एचपी. पडलात तर परत उठता का, ही चौथी. आणि पाचवी, जी सगळे विसरतात, ती म्हणजे सेव्हिंग थ्रो (जादू वगैरेतून वाचण्यासाठी टाकायचा फासा, थोडक्यात सेव्ह): तलवार न लावता तुम्हाला खेळातून बाहेर काढता येतं का? पाचवी ढिली असेल तर पहिल्या चार नुसत्या कागदावर शोभतात. यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण आमच्याकडे एक जण त्यापायीच गेला.

एचपीचा हिशेब कसा होतो?

पहिल्या लेव्हलला तुमच्या क्लासच्या (फायटर, विझर्ड असा कॅरेक्टरचा पेशा) फाशाचा सगळ्यात मोठा आकडा, अधिक कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे काटकपणाचा (थोडक्यात कॉन), मॉडिफायर (गुणावरून ठरणारी भर: १४ ला +२, १६ ला +३). पुढच्या प्रत्येक लेव्हलला एक तर फासा टाका, नाही तर ठरलेला आकडा घ्या: डी१२ ला (बारा बाजूंचा फासा) ७, डी१० ला ६, डी८ ला ५, डी६ ला ४. त्यात कॉन मिळवायचं.

कॉन १६ असलेला बार्बेरियन पहिल्या लेव्हलला १५ आणि पाचव्याला ५५ वर असतो. तेवढ्याच कॉनचा फायटर पाचव्याला ४९ वर. कॉन १४ चा विझर्ड ३२ वर. बार्बेरियन आणि फायटरमध्ये फक्त सहाचा फरक आहे हे बघा. लोक डी१२ बघून हुरळून जातात, पण क्लासपेक्षा कॉन जास्त बोलतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कॉन १० ठेवून टँक बांधायला बसलात तर कुठलाही क्लास तुम्हाला वाचवत नाही.

ठरलेला आकडा घ्या हा माझा आग्रह. फासा टाकायची मजा मला कळते, पण चौथ्या लेव्हलला एक पडला की पुढचं वर्षभर तो एक सोबत घेऊन फिरावं लागतं.

एसी वाढवू की एचपी?

एक ओगर समोर उभा करू. त्याचा टू-हिट +६ (डी२० मध्ये हे मिळवून तुमचा एसी गाठला की वार लागतो), सोटा २डी८+४, म्हणजे सरासरी १३ डॅमेज. क्रिटिकल (वीस पडले की डॅमेजचे दुप्पट फासे) सोडून देऊ, हिशेब सोपा राहतो.

चेनमेल, ढाल आणि डिफेन्स फायटिंग स्टाइल घेतलेल्या फायटरचा एसी १९ होतो. ओगरला १३ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे ४० टक्के वेळा. दर वाराला सरासरी ५.२ डॅमेज. आता बार्बेरियन, स्केल मेल घातलेला, एसी १६, रेजमध्ये, म्हणजे लढाईच्या उन्मादात. ओगर त्याला ५५ टक्के वेळा मारतो, पण डॅमेज निम्मं होतं, म्हणून सरासरी ३.६. त्याने रेकलेस अटॅक घेतला तर ओगरलाही ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा) मिळतो, लागण्याची शक्यता ८० टक्क्यांवर जाते आणि सरासरी येते ५.२. बरोबर फायटरएवढी! आणि रेज संपला की त्याच बार्बेरियनला दर वारामागे सातहून जास्त बसतात.

यातून दोन गोष्टी दिसतात. बार्बेरियनचा टिकाऊपणा रेजच्या कोट्यावर चालतो. पहिल्या लेव्हलला दिवसाला दोन, तिसऱ्याला तीन, सहाव्याला चार. तुमचा डीएम एका दिवसात पाच-सहा लढाया घेत असेल तर सुरुवातीच्या लेव्हल्सना शेवटच्या दोन लढायांत तुम्ही उघडे पडता. फायटरचं चिलखत असं संपत नाही.

दुसरी गोष्ट, एसीचा प्रत्येक पुढचा आकडा आधीच्यापेक्षा जास्त फायद्याचा असतो. +४ वाल्या गॉब्लिनविरुद्ध एसी १२ वरून १३ केलात तर लागणारे वार ६५ टक्क्यांवरून ६० वर येतात, फारसं जाणवत नाही. २१ वरून २२ केलात तर २० वरून १५ वर, म्हणजे चारातला एक वार गळतो. म्हणून एसीच्या मागे लागायचं तर पुरतं लागा, नाही तर तेच पैसे आणि फीट (लेव्हल वाढताना निवडायचं खास कसब) दुसरीकडे वापरा. १५-१६ च्या आसपास रेंगाळणारा एसी आणि रेझिस्टन्स काहीच नाही, हे सगळ्यात वाईट.

मग क्लास कुठला घेऊ?

पहिल्यांदाच खेळत असाल तर फायटर. पाठ करण्यासारखं फार नाही, जड चिलखत पहिल्या दिवसापासून मिळतं आणि सेकंड विंडने स्वतःचे थोडे एचपी परत घेता येतात. नवव्या लेव्हलला इंडॉमिटेबल येतं, फसलेला सेव्ह पुन्हा टाकता येतो. आम्ही फायटरला डाळ-भात म्हणतो. कौतुक कोणी करत नाही आणि रोज चालतो.

बार्बेरियन आवडण्याचं कारण वेगळं. "रेज म्हणजे काय रे?" असं एका नवीन मुलीने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "अंगात येतं." पुढे काही समजवावं लागलं नाही. तिने केस मोकळे सोडले, घुमायला लागली आणि ओगरच्या अंगावर गेली. टोटेमचा मार्ग घेऊन तिसऱ्या लेव्हलला अस्वल निवडलंत तर रेजमध्ये सायकिक सोडून सगळ्याच डॅमेजला रेझिस्टन्स मिळतं. २०१४ च्या नियमांत यापेक्षा जाड कातडी मी पाहिलेली नाही. २०२४ मध्ये अस्वलाची नखं जरा कापली आहेत: फोर्स, नेक्रॉटिक, सायकिक आणि रेडियंट वगळलं आहे. बदल्यात रेज टिकवणं सोपं झालं, बोनस ॲक्शन खर्चून चालू ठेवता येतो. जुन्या नियमांत कोणाला मारलं नाही आणि कोणी तुम्हाला मारलं नाही तर अंगातलं उतरतं.

पण लांब मोहिमेसाठी, म्हणजे दहा-बारा लेव्हल्स खेळणार असाल तर, माझं मत पॅलडिनला. चिलखत फायटरचंच. ले ऑन हँड्समध्ये लेव्हलच्या पाचपट एचपीचा साठा, सहाव्या लेव्हलला ३०. आणि त्याच लेव्हलला ऑरा ऑफ प्रोटेक्शन: तुमचा करिश्मा मॉडिफायर तुमच्या आणि दहा फुटांतल्या साथीदारांच्या प्रत्येक सेव्हमध्ये मिळवायचा. करिश्मा १६ म्हणजे +३, सगळ्यांना, सगळ्या सेव्हला, फुकट. वर ज्या पाचव्या गोष्टीबद्दल म्हटलं तिचं उत्तर या एका क्लासने एकट्याने दिलं आहे.

क्लेरिकला लोक दवाखाना समजतात. फोर्ज, लाइफ, टेम्पेस्ट, वॉर या डोमेन्सना जड चिलखत मिळतं. ढाल हातात, स्पिरिट गार्डियन्स या जादूतले आत्मे भोवती फिरतायत, आणि शत्रू जवळ आला की आपोआप भाजतोय, असा क्लेरिक मी दारात उभा केलेला आहे. त्याला हलवायला माझे सगळे राक्षस खर्ची पडले.

मून ड्रुइड दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलला अन्याय वाटावा इतका चिवट असतो, कारण २०१४ मध्ये तपकिरी अस्वल झालात की त्याचे ३४ एचपी तुमच्या स्वतःच्या एचपीच्या वर मिळतात. सहाव्या-सातव्यानंतर ही जादू ओसरते. मंक आणि रोग (rogue) हे क्लास चपळ आहेत, टिकाऊ नाहीत. हा फरक कोणाशी वाद घालून सिद्ध करायची माझी आता इच्छा राहिलेली नाही.

बार्बेरियनने उघड्या अंगानेच लढायचं असतं ना?

चित्रात. अनआर्मर्ड डिफेन्स म्हणजे १० अधिक डेक्स (डेक्सटेरिटी, चपळाई) अधिक कॉन. डेक्स १४, कॉन १६ असेल तर १५. ५० सोन्याच्या नाण्यांना मिळणारं स्केल मेल त्याच डेक्सवर १६ देतं, ७५० ला मिळणारं हाफ प्लेट १७. मध्यम चिलखतात रेज चालतो, जड चिलखतात त्याचे फायदे मिळत नाहीत. स्टेल्थला, म्हणजे लपायला, डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान घ्यायचा) येतो, पण तुमच्या बार्बेरियनने शेवटचं लपूनछपून काम कधी केलं होतं?

वंश कुठला?

हिल ड्वार्फ. दर लेव्हलला एक जास्तीचा एचपी, विषाला रेझिस्टन्स, आणि जड चिलखताने चाल मंदावत नाही, कारण ती आधीच मंद आहे. २०२४ मध्ये सगळ्याच ड्वार्फना तो जास्तीचा एचपी मिळतो. हाफ-ऑर्क दिवसातून एकदा शून्यावर जाण्याऐवजी एक एचपीवर थांबतो. नव्या पुस्तकात हाफ-ऑर्क नाही, पण हा गुण ऑर्ककडे आहे. गोलायथही चांगला. बाकी आवडेल तो घ्या, वंशामुळे कोणी मेलेलं मी पाहिलेलं नाही.

आकडे कसे वाटू? एक तयार नमुना द्या.

पॉइंट बायचे (गुण खर्चून ॲबिलिटी विकत घ्यायची पद्धत) २७ गुण, हिल ड्वार्फ, फायटर. स्ट्रेंथ १५ ला नऊ गुण, कॉन १४ ला सात, विस्डम १३ ला पाच, उरलेल्या तिघांना दहा-दहा, प्रत्येकी दोन गुण. बेरीज २७. वंशाचे मिळवून कॉन १६ आणि विस्डम १४ होतं. चेनमेल, ढाल, डिफेन्स स्टाइल: पहिल्या लेव्हलला एसी १९, एचपी १४. पाचव्याला एचपी ५४.

स्ट्रेंथ १५ विषम का ठेवली, असं विचाराल. चौथ्या लेव्हलला हेवी आर्मर मास्टर घेतलात की ती १६ होते, आणि साध्या शस्त्राच्या प्रत्येक घावातून तीन डॅमेज कापलं जातं. सुरुवातीच्या लेव्हल्सना तीन म्हणजे चेष्टा नाही. गॉब्लिनची तलवार सरासरी साडेपाच मारते. सहाव्या लेव्हलला फायटरला जास्तीचं एक फीट मिळतं, तिथे रेझिलियंट घ्या, विस्डमसाठी, म्हणजे विस्डमचा सेव्ह पक्का होतो. चिलखत खरेदीचा क्रम: आधी २०० चं स्प्लिंट, मग जमेल तेव्हा १,५०० चं प्लेट. दोन्हींना स्ट्रेंथ १५ लागते, ती तुमच्याकडे पहिल्यापासून आहे.

टँकला विस्डम कशाला? आठ ठेवून बाकी ठिकाणी नाही का घालता येणार?

दगडोबाची गोष्ट सांगतो.

माझ्या मावसभावाचा ड्वार्फ फायटर. नाव दगडोबा, कपाळाला शेंदूर, ढालीवर डोळे रंगवलेले. तिसरी लेव्हल, एसी १९, एचपी ३४. विस्डम वंशाचा एक मिळवून ९, म्हणजे वजा एक. मी सुरुवातीलाच म्हटलं होतं, एवढं खाली नको. तो म्हणाला, "दादा, त्याला विचार कुठे करायचाय? त्याला दारात उभं राहायचंय."

उभा राहिला. तळघरातल्या देवळाचं दार पाच फूट रुंद, आत एक कल्ट फॅनॅटिक आणि चार चेले, बाहेर आमची बाकी मंडळी. पाच जणांनी त्याला ठोकून ठोकून पहिल्या राउंडला चार एचपी काढले. टेबलावर टाळ्या. मग फॅनॅटिकने होल्ड पर्सन, म्हणजे माणसाला जागीच खिळवणारी जादू, टाकलं. डीसी, म्हणजे सेव्हला गाठायचा आकडा, फक्त ११. भावाने फासा टाकला, सात पडले. वजा एक, सहा. दगडोबाचा खरोखरच दगड झाला.

पॅरलाइज्ड माणसावर हल्ला करणाऱ्याला ॲडव्हान्टेज मिळतो आणि पाच फुटांच्या आत लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल. एसी १९ तिथेच होता, पण ४४ टक्के वार लागायला लागले आणि प्रत्येकात दुप्पट फासे. आपल्या पाळीच्या शेवटी सुटकेचा सेव्ह असतो. पहिल्यांदा चार पडले. दुसऱ्यांदा अकरा. त्याने मुठी आवळल्या, मग कागदाकडे बघितलं. अकरा वजा एक, दहा. हवे होते अकरा. नऊच्या जागी दहा विस्डम असती तर तो सुटला असता. पुढच्या फेरीत तो शून्यावर गेला. पडलेल्यावर जवळून लागलेला वार क्रिटिकल धरतात, म्हणजे डेथ सेव्हची (शून्यावर गेल्यावर जगण्यासाठी टाकायचे फासे, तिसऱ्या अपयशाला मृत्यू) दोन अपयशं एकदम. उरलेलं एक त्याने स्वतःच टाकलं, सहा.

मी डीएम म्हणून चेल्यांना थांबवू शकलो असतो का? शकलो असतो. अजूनही भाऊ हे दिवाळीला काढतो.

चूक एकट्या विस्डमची नव्हती. होल्ड पर्सनला कॉन्सन्ट्रेशन लागतं (टाकणाऱ्याला मार बसला की जादू सुटू शकते), मागच्यांपैकी कोणीतरी फॅनॅटिकवर बाण सोडायला हवा होता. सगळे चेल्यांना मारत बसले. पण मुद्दा हा की ३४ एचपीचा आणि १९ एसीचा जो खर्च केला होता, तो एका गुणाच्या कंजुषीने वाया गेला. आणि हे तिसऱ्या लेव्हलला, डीसी ११ वर. पुढे डीसी १५ चे सेव्ह नेहमीचे होतात. वजा एकवर ते २५ टक्के वेळा जमतात, वरच्या नमुन्यातल्या ड्वार्फला रेझिलियंट घेतल्यावर +५ वर ५५ टक्के वेळा.

कुठल्या क्लासचे कुठले सेव्ह पक्के आहेत हे निवडतानाच बघा. फायटर आणि बार्बेरियनचे स्ट्रेंथ आणि कॉन. पॅलडिन आणि क्लेरिकचे विस्डम आणि करिश्मा. मनावर होणारे हल्ले बहुतेक विस्डमवर येतात. कॉनही सोडू नका: बॅन्शीचा आक्रोश कॉन सेव्ह मागतो आणि फसलात तर पूर्ण भरलेल्या टाकीवरून थेट शून्यावर आणतो. तिथे ५५ काय आणि १५५ काय.

ड्रॅगनपुढे प्लेट चिलखत टिकेल?

पंज्यापुढे थोडंफार. आगीपुढे ते शोभेचं. मोठ्या झालेल्या लाल ड्रॅगनचा श्वास १८डी६, सरासरी ६३, डेक्स सेव्ह डीसी २१. तुमचा डेक्स सेव्ह शून्य असेल तर वीस पडूनही फसता. फायर रेझिस्टन्सचं औषध, ॲब्सॉर्ब एलिमेंट्स, पॅलडिनचा ऑरा, अस्वल टोटेम, यांपैकी काहीतरी हातात असल्याशिवाय त्या गुहेत जाऊ नका. आणि एकमेकांपासून लांब उभे राहा.

फीट्सपैकी घेण्यासारखी कुठली?

रेझिलियंट आणि हेवी आर्मर मास्टर वर आलीच. टफ दर लेव्हलला दोन एचपी देतं, म्हणजे दहाव्या लेव्हलला एकूण वीस. वाईट नाही, पण कंटाळवाणं. कॉन सम असेल आणि दुसरं काही सुचत नसेल तेव्हा घ्या. शील्ड मास्टर ढालवाल्यांना डेक्स सेव्हमध्ये मदत करतं. इन्स्पायरिंग लीडर करिश्मावाल्यांसाठी: दहा मिनिटांचं भाषण ठोका, सहा जणांना लेव्हल अधिक करिश्मा एवढे टेम्पररी एचपी. आमचा पॅलडिन ते भाषण खरंच करायचा, पोवाड्याच्या चालीवर. टेम्पररी एचपींची बेरीज होत नाही, हे मात्र दर वेळी सांगावं लागतं.

सेंटिनल पुढच्या प्रश्नात.

मी एवढा मजबूत टँक बांधला, पण शत्रू मला सोडून विझर्डलाच मारतात!

कारण या खेळात शत्रूने टँककडेच बघावं अशी सक्ती नाही. कॉम्प्युटर गेममध्ये असतो तसा आपोआप राग ओढून घेण्याचा प्रकार इथे नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत डिफेंडर नावाची भूमिका होती, त्यांनी खूण केलेल्या शत्रूने दुसऱ्याला मारलं तर त्याला उणे दोन बसायचे. पाचवीत ते बहुतेक काढून टाकलं. म्हणजे एसी २१ चा माणूस मैदानाच्या मधोमध उभा केला तर गॉब्लिन त्याला वळसा घालून जातो. गॉब्लिन मूर्ख नाही.

त्याला अडवण्याचे रस्ते तीन आहेत. पहिला फुकटचा: जागा. दार, जिना, पूल, बोळ, जिथे वळसा घालता येत नाही तिथे उभे राहा. दुसरा सेंटिनल फीट. त्याने मारलेला ऑपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून निसटणाऱ्यावरचा वार) लागला की शत्रूची चाल तिथेच शून्य होते, आणि डिसएंगेज करून सटकणारेही सुटत नाहीत. गॉब्लिनचा तर तोच धंदा असतो, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध हे फीट बघायला मजा येते. शेजारचा शत्रू तुमच्या साथीदारावर वार करू लागला तर तुम्हाला रिॲक्शनने, म्हणजे त्याच्याच पाळीत, त्याला हाणताही येतं. तिसरा, ज्यांच्या अंगातच हे आहे असे सबक्लास: कॅव्हेलियर फायटर, ॲन्सेस्ट्रल गार्डियन बार्बेरियन, आर्मरर आर्टिफिसर. त्यांनी झोंबलेल्या शत्रूला इतरांवर वार करणं जड जातं.

चौथा रस्ताही आहे, पण तो पुस्तकात नाही. भरपूर डॅमेज करा. ज्याच्याकडून मार बसतो त्याच्याकडे कोणीही बघतंच. निव्वळ ढाल धरून उभा राहिलेला टँक म्हणजे खांब.

एकाच वेळी सगळे अंगावर आले तर?

डॉज करा, म्हणजे पाळीभर नुसते वार चुकवा. ही ॲक्शन नवे खेळाडू "पाळी फुकट गेली" म्हणून घेत नाहीत. एसी १९ वर गॉब्लिनचा वार ३० टक्के वेळा लागतो. डॉजमध्ये त्याला डिसॲडव्हान्टेज येतो आणि तोच आकडा ९ टक्क्यांवर घसरतो. दारात उभे राहून एक राउंड डॉज, तेवढ्यात मागून फायरबॉल. पाळी वाया नाही गेली.

विझर्डला टिकाऊ करता येईल?

येईल, पण त्याची रीत वेगळी. मेज आर्मरने १३ अधिक डेक्स, वर शील्ड स्पेलने रिॲक्शनमध्ये +५. हे +५ पुढच्या पाळीपर्यंत टिकतात, तेव्हा पाच गॉब्लिन असतील तर पहिल्याच वाराला वापरा. ॲब्ज्युरेशन शाळेचा विझर्ड घेतलात तर लेव्हलच्या दुप्पट अधिक इंटेलिजन्स एवढं जादूचं कवच आधी फुटतं, मग अंगाला लागतं. तरीही तो डी६ आहे. उंटावरून शेळ्या हाकणं हेच त्याचं काम, त्यात कमीपणा नाही.

मल्टिक्लास (दोन क्लासची मिसळ) करू का?

पाचव्या लेव्हलच्या आधी नको. तिथे फायटर, पॅलडिन, बार्बेरियनला एक्स्ट्रा अटॅक, म्हणजे पाळीला दुसरा वार, मिळतो आणि तो लांबवलात की दोन-तीन महिने तुम्ही बाकीच्यांच्या निम्मे वाटता. जड चिलखत घालणारा जादूगार हवा असेल तर फायटरची लेव्हल पहिली घ्या. नंतर घेतलीत तर मध्यम चिलखत आणि ढाल मिळते, जड मिळत नाही. कॉन सेव्हही फक्त पहिल्या क्लासचाच येतो.

क्लेरिक आहे ना सोबत, मग मी कशाला एवढा विचार करू?

आयजीच्या जिवावर बायजी उदार. लढाईच्या मधोमध बरं करणं हे मार खाण्याच्या वेगाला पुरत नाही. क्युअर वून्ड्स पहिल्या पातळीवर १डी८ अधिक मॉडिफायर, आणि ओगरचा एक सोटा १३. २०२४ मध्ये फासे दुप्पट केले आहेत, तरीही शर्यत जवळपास तीच. शहाणा क्लेरिक तुम्ही पडेपर्यंत थांबतो आणि मग साठ फुटांवरून हीलिंग वर्डने उठवतो. आधी लढाई सुरू व्हायच्या अगोदर एड नावाची जादू टाकून घ्या, तीन जणांचे कमाल एचपी पाच-पाचने वाढतात, आठ तासांसाठी.

आणि शॉर्ट रेस्ट मागायला लाजू नका. तासभर बसा, हिट डाइस टाका, एचपी परत येतात. पाचव्या लेव्हलच्या बार्बेरियनकडे पाच डी१२ पडून असतात, बहुतेकांना ते आहेत हेच आठवत नाही.

डीएम म्हणतो माझा एसी जास्त आहे, म्हणून राक्षसांचे टू-हिट वाढवणार. बरोबर आहे?

नाही, आणि हे मी डीएम म्हणून सांगतो. खेळाडूने फीट, पैसे आणि ॲबिलिटी खर्च करून जे मिळवलं ते गुपचूप काढून घेतलं तर उरलेल्या चार जणांचं मरण ओढवतं, कारण वाढवलेला टू-हिट त्यांनाही लागतो. एसी २३ वाल्यावर दहा धनुर्धारी सोडा आणि त्याला हसू द्या. मग अकरावा जादूगार पाठवा. वाद होण्याआधी, मोहीम सुरू करतानाच याबद्दल बोलून घेतलेलं बरं.

एवढं करूनही मेलं तर?

शून्यावर गेल्यावर दर पाळीला डी२०. दहा किंवा वर पडले तर यश, खाली पडले तर अपयश, तीन यशांना स्थिर, तीन अपयशांना मृत्यू. वीस पडले तर एक एचपी घेऊन उठता, एक पडला तर दोन अपयशं. एकाच घावात शून्याच्या खाली तुमच्या कमाल एचपीएवढं उरलं तर सेव्ह वगैरे काही नाही, तिथेच संपलं. पहिल्या लेव्हलला हे होतं, पुढे क्वचित.

क्लेरिक पाचव्या लेव्हलला पोचला की रिव्हिव्हिफाय मिळतं: मेल्यापासून एका मिनिटाच्या आत, ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो आणि तो खर्ची पडतो. पैसे आले की प्लेट चिलखताच्याही आधी हा हिरा घ्या. आणि तो कोणाकडे आहे ते कागदावर लिहा. आमच्या गटाने घेतला होता, सगळ्यात टिकाऊ माणसाकडे सुरक्षित राहील म्हणून टँकच्या पिशवीत ठेवला होता. दोन आठवड्यांनी पूल तुटला आणि दरीत पडला तो टँकच, हिऱ्यासकट.